पाहेरीचा हिशेब

इजिप्तमधल्या एल-काबच्या टेकडीत आजोबा आणि नातू यांची थडगी एकाच ओळीत आहेत. आजोबा अहमोस, इबानाचा मुलगा, नावेवरचा सैनिक. हिक्सोस या परक्या राज्यकर्त्यांना देशाबाहेर हाकलणाऱ्या लढायांत राजा रथात बसून निघे तेव्हा आपण त्याच्या मागून पायी चालत होतो, असं तो भिंतीवरच्या हकिगतीत सांगतो. पुढे पहिल्या थुतमोस राजाच्या स्वारीत त्याने शत्रूचा एक रथच धरून आणला, घोड्यासकट आणि वरच्या माणसासकट. शौर्याचं सोनं त्याला सात वेळा मिळालं. त्याच्या थडग्याचं काम करवून घेतलं मुलीच्या मुलाने, पाहेरीने. तशी नोंदही नातवाने तिथे करून ठेवली. नोंद ठेवणं हा त्याचा स्वभावच असावा.

नातवाच्या स्वतःच्या थडग्यात रथ आहे, पण लढाई कुठेच नाही. रथ शेताच्या कडेला उभा आहे. मालक उतरून पिकं बघतोय आणि मोतद्दार घोड्याला चुचकारतोय, धन्याचा लाडका आहेस, नीट उभा राहा. आजोबा ज्याच्या मागून धावले ते वाहन दोन पिढ्यांत शेतावर फेरी मारायच्या कामी आलं. एखाद्या घराण्याची भरभराट याहून थोडक्यात कुणी सांगितलेली मला माहीत नाही.

पाहेरी हा काही दरबारातला बडा मानकरी नव्हता. एल-काब, म्हणजे तेव्हाचं नेखेब, हे गिधाडरूपी नेखबेत देवीचं ठाणं. लक्सरच्या दक्षिणेला, एस्ना आणि एडफू यांच्यामध्ये, नाईलच्या पूर्व काठावर. नेखेब आणि एस्ना या दोन गावांचा तो प्रमुख आणि दक्षिणेकडच्या मुलखातल्या धान्याचा हिशेबनीस. राजपुत्र वाजमोस याचा सांभाळ आणि शिक्षणही त्याच्याकडे होतं. भिंतीवर हा मुलगा त्याच्या मांडीवर बसलेला दिसतो. मुलगा पुढे राजा झाला नाही. पाहेरीच्या मोठेपणाला मात्र ती मांडी पुरली.

मला राजांच्या थडग्यांपेक्षा अशा जिल्ह्याच्या माणसांची थडगी आवडतात. राजाच्या भिंतींवर देव फार आणि पाताळातले साप फार. तिथे कुणाला घाम येत नाही. पाहेरीची खोली लहानशी, कमानदार छताची. आत कोनाड्यात तो बायको आणि आई यांच्यामध्ये दगडात बसलेला आहे. पण कोनाड्याबाहेर, खोलीच्या भिंतीवर अख्खा हंगाम चाललाय. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, उफणणी. एक नांगर तर चार माणसांनीच ओढायला घेतलाय. आमच्याकडे बघा, शेताची काळजी नको, अशा अर्थाचं काहीतरी ती मालकाला सांगताहेत. पलीकडे जवस उपटून पेंढ्या बांधल्या जाताहेत. एक म्हातारा काड्यांची बोंडं झाडतोय आणि पेंढ्या आणणाऱ्या पोराला बजावतोय, अकरा हजार नऊ आणल्यास तरी सगळ्या झाडून काढीन. पोरगं म्हणतं, बडबड पुरे, हात चालव. अकरा हजार ठीक, पण वरचे नऊ? थट्टेतही आकडा सुटा ठेवायचा हे हिशेबनिसाच्या घरचंच पाणी.

ही माणसं बोलतात, ही या थडग्याची खरी गंमत. चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांची वाक्यं कोरलेली आहेत. मेजवानीच्या भिंतीवर नात्यातली एक बाई वाढप्याकडे अठरा पेले मद्य मागते. आपल्याला चांगलं झिंगायचंय, घसा पेंढ्यासारखा कोरडा पडलाय, हेही सांगून टाकते. परलोकात कायमच्या राहणाऱ्या घरात नातेवाइकांनी हे बोलावं आणि यजमानाने ते कोरून घ्यावं, त्याला मोठं मन लागतं.

नाईलच्या धक्क्यावरचे हमाल मात्र मजेत नाहीत. ते नावांवर धान्य चढवताहेत. जव आणि पांढरी खपली, तीच खपली जी आपल्याकडे सांगली-साताऱ्यात खिरीसाठी पिकवतात. दिवसभर वाहतोय, कोठारं शिगोशीग भरली, राशी काठावरून ओसंडताहेत, नावांना भार सोसवेना, तरी घाई थांबत नाही. आमची काळजं काय तांब्याची आहेत, असं ते विचारतात.

ही कुरकुर पाहेरीने कोरू का दिली असावी? माणुसकी म्हणून, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरते. नीट बघितलं तर हमालांची तक्रार हीच मालकाची फुशारकी आहे. कोठारं भरली हे स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा वाहणाऱ्याच्या मोडलेल्या पाठीने सांगितलं की जास्त पटतं. शिवाय ही चित्रं नुसती आठवण नव्हती. भिंतीवरचं धान्य परलोकात त्याच्या ताटात पडायचं होतं, म्हणजे ओझी कधीच उतरायची नव्हती. पाहेरीला हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही, तो हिशेबातला माणूस होता. आणि तरीही एक गोष्ट उरते. कंटाळा आलाय, हे त्याने ऐकलं होतं. न ऐकता असं वाक्य सुचत नाही.

स्वतःबद्दल तो बरंच बोलतो. लेखणीमुळे आपलं नाव झालं, आपण तराजूत उतरलो आणि चोख निघालो, लाच घेतली नाही, निरोपात फेरफार केला नाही. शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याला विनंती आहे, माझ्या नावाने नैवेद्याचे शब्द म्हणा. आणि लगेच हिशेब. यात तुमचं काही जात नाही, नुसतं वाचायचंय, खर्च शून्य, कुणाशी भांडण नाही, कुणा गरिबावर जुलूम नाही. मला हसूच येतं. मेल्यावरही समोरच्याचा खर्च मांडून दाखवणारा असा अंमलदार विरळा.

१७९९ साली नेपोलियनबरोबर आलेले फ्रेंच विद्वान या खोलीत शिरले. त्यातल्या लुई कोस्ताझ यांनी इथल्या शेतीच्या चित्रांवर लिहिलं. अक्षरं वाचता येत नव्हती, तेव्हा त्यांच्यापुढे हे सगळे मुक्यानेच राबत होते. शांपोलियों १८२९ मध्ये आले ते लिपी उलगडून. पाहेरीची लाच न घेतल्याची ग्वाही त्यांच्या समोर होती, नैवेद्याची विनंतीही होती. पण पत्रातून त्यांनी कौतुकाने घरी कळवलं ते खळ्यावरच्या बैलांना हाकताना म्हटलेलं गाणं. बैलांनो, मळा, स्वतःसाठीच मळा, असं ते गाणं बैलांना सांगतं, आणि वाटणीही लगेच करून टाकतं. पेंढा बैलांना, धान्य धन्याला.