गव्हाचे सोवळे

सोवळे हा शब्द उच्चारताच आजच्या सुशिक्षित वाचकाच्या मुखावर स्मित उमटते, हे मी जाणून आहे. पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या मलाही ते येत असे. आमच्या मातोश्री ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरत, लोणच्याच्या बरणीस कोणाचा हात लागू देत नसत, आणि मी उंबरठ्याबाहेर उभा राहून त्यांच्याशी वाद घालीत असे. माझी बाजू न्यायाची होती असे मला तेव्हाही वाटे व आजही वाटते. कारण त्या सोवळ्याने अन्न जितके राखले, त्याहून अधिक माणसे दूर लोटली. तथापि गेली दोन वर्षे नागपुरातील महाल भागातल्या आमच्या घरी पुनः सोवळे सुरू झाले आहे, आणि ते कडकडीत पाळण्याविषयी या खेपेस माझाच आग्रह सर्वांहून अधिक असतो. हे सोवळे गव्हाचे आहे.

आमची धाकटी नात पाचवे वर्ष संपेपर्यंत अंगी लागलीच नाही. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काडीसारखे, चेहरा पांढुरका आणि स्वभाव सदा किरकिरा. जंतांचे औषध झाले, लोहाचे औषध झाले, बायकांनी दृष्टही काढली. अखेर एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची एक विशेष तपासणी करविली, नंतर दुर्बिणीने लहान आतड्याच्या आरंभीचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला, आणि निदान सांगितले : सीलियाक. आपल्या लहान आतड्यास आतून मखमलीसारखी लव असते व तीच अन्नरस शोषून घेते. काही माणसांच्या शरीरात गव्हातील एका द्रव्यामुळे असा भ्रम उत्पन्न होतो की, शरीराचे रक्षक सैन्य आपल्याच या लवेवर तुटून पडते. लव झडून सपाट होते. मग मूल कितीही जेवो, ते अन्न अंगी लागत नाही. यावर औषध नाही. पथ्य मात्र आहे. गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य केली म्हणजे लव हळूहळू पुनः उगवते.

हे द्रव्य म्हणजे ग्लुटेन. ते आपल्या गृहिणींच्या नित्य परिचयाचे आहे, केवळ नाव ठाऊक नसते इतकेच. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा पांढरा चीक आपण काढून घेतो. मागे जो चिवट चोथा उरतो, त्यात कोंड्याबरोबर हे ग्लुटेन असते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धूत राहिले तरी शेवटी रबरासारखा एक चिकट लगदा हाती उरतो. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी नावाच्या पंडिताने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच प्रयोग करून हे द्रव्य वेगळे केले. पोळी लाटली असता फाटत नाही, पाव फुगला असता खाली बसत नाही, ते याच चिकटपणामुळे. मात्र या द्रव्याचा व बालकांच्या या व्याधीचा संबंध कळण्यास पुढे दोनशे वर्षे जावी लागली. हॉलंडमधील डिके नावाच्या बालवैद्यास गव्हाचा संशय आधीपासून होता. महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशी दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले उपासमारीने खंगत असता या व्याधीची मुले मात्र सुधारली. आणि पाव परत मिळू लागताच पुनः आजारी पडली. १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. त्या प्रबंधाचे फळ आज महालातील एका मुलीच्या ताटात पडत आहे, या विचाराने मला कधी कधी मोठा विस्मय वाटतो.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. वैद्यांनी बजावले होते की, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. घरी पथ्य सुरू होऊन महिना झाला होता. मुलीच्या गालांवर किंचित लाली येऊ लागली होती. शेजारी सत्यनारायणाची पूजा होती. तिला घेऊन मी दर्शनास गेलो. द्रोणातील शिरा पाहून तिने माझ्याकडे पाहिले. तो रव्याचा, म्हणजे गव्हाचाच, हे मला ठाऊक होते. परंतु प्रसादास नाही कसे म्हणावे, आणि एवढ्याशा घासाने काय होते, असे मनाशी म्हणून मी तिला चमचाभर शिरा चारला.

त्या रात्री तिला उलट्या झाल्या, पुढे दोन दिवस जुलाब झाले. धाकट्या सूनबाईंनी सारे स्वयंपाकघर उपसले. डबे धुतले, तवा घासला, चाळण्या टाकून दिल्या. ‘‘माझंच कुठंतरी चुकलं असेल,’’ असे म्हणून ती माउली डोळे पुशीत होती, आणि मी आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करीत होतो. आयुष्यभर मुलांस सत्याचे पाठ देणाऱ्या मास्तराची जीभ दोन दिवस उचलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सर्वांसमक्ष मी सांगून टाकले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. ते मौन मला फार लागले.

बोलल्या त्या आमच्या मातोश्री. त्यांचे वय आज शहाऐंशी आहे. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, आमच्या सोवळ्याला तू जन्मभर हसलास. पण एक ध्यानात ठेव, सोवळ्यात ‘एवढ्यानं काय होतं’ हा शब्दच नसतो. पाळायचं ते पुरतं, नाहीतर मुळीच नाही.’’ एवढे बोलून त्यांनी सूनबाईंस हाक मारली आणि त्या दिवसापासून या नव्या व्यवस्थेची सूत्रे हाती घेतली.

त्यांची पहिली आज्ञा गव्हाच्या छुप्या वाटा शोधण्याची. त्या निघाल्याही पुष्कळ. रवा, मैदा, शेवया, दलिया यांत गहू आहे हे कोणीही सांगेल. पण मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात गहू असतो. आणि नवल असे की, बाजारातील बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे वरणभात हा निर्दोष समजून आम्ही खाऊ घालीत होतो, आणि फोडणीतून शत्रू आत येत होता. आता पुडीवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. पाकिटावर ग्लुटेनमुक्त असे छापावयाचे तर एका किलोत वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे.

दुसरी वाट गिरणीची. ज्वारी स्वतः निर्दोष. परंतु ज्या गिरणीत दिवसभर गहू पडतो, तीत ती दळली की दूषित होते. तेव्हा माळ्यावरचे जाते खाली आले. त्यावर पूर्वी मेतकूट दळलेले, म्हणून टाकी लावणाऱ्याकडून दोन्ही तळ्या नव्याने टाकवून घेतल्या, दगड घासून धुतला, आणि पहिले दोन किलो तांदूळ दळून ते कचकचीत पीठ टाकून दिले. जुना खुंटा किडला होता. तुटक्या खाटेच्या पायाचा तुकडा तासून मी नवा बसविला. चार महिने घरातील सर्वांनी पाळीपाळीने दळण केले. पुढे मुलांनी विजेची घरघंटी आणली. तीत गहू घालावयाचा नाही असा दंडक आहे. जाते आता थोडक्या दळणापुरते उरले.

हाताने काम करण्याची मला लहानपणापासून हौस, पण शाळेच्या व्यापात ती मागे पडली होती. कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची दोन जुनी लाकडी खोकी आणून, फळ्या सुट्या करून, पॉलिशकागदाने घासून मी भिंतीवर मांडणी ठोकली. ती मुद्दाम गव्हाच्या डब्यांच्या वर ठोकली आहे. पीठ उडते व खाली बसते, म्हणून निर्दोष धान्य वर व गहू खाली असावा. मुलीचे पोळपाट-लाटणे, चाळणी, लाकडी चमचे व परात स्वतंत्र करून त्यांस हिरव्या रंगाची खूण केली. धातूचे भांडे घासून स्वच्छ होते. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ दडून राहते, हे ध्यानात ठेवावे.

इतके झाल्यावर प्रश्न उरला तो खाऊचा. भाकरी, भात, घावन यांवर पोट भरते. पण शाळेतील मुले डब्यात बिस्किटे आणतात, वाढदिवसास केक कापतात. आमच्या घरी भट्टी नाही. मातोश्रींच्या तरुणपणी पातेल्याखाली निखारे व झाकणावरही निखारे ठेवून भाजीत असत. त्याच धर्तीवर आम्ही जाड लोखंडी कढईत दोन बोटे जाडमीठ पसरले, वर लोखंडी तिवई ठेवली, घट्ट झाकण लावले व दहा मिनिटे तापविले. हीच आमची भट्टी.

पहिला प्रयोग पावाचा केला, हीच चूक झाली. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नाही. यीस्टने उत्पन्न केलेला वायू धरून ठेवण्यास आत काही नसल्यामुळे तो निसटला, आणि कढईतून जी वस्तू निघाली ती कुंपणाच्या भिंतीत सहज खपली असती. पुढे इसबगोलाचा उपाय कळला. दोन चमचे इसबगोल पाण्यात दहा मिनिटे भिजविला की खळीसारखा होतो व ग्लुटेनचे काम काही अंशी करतो. ज्वारीचे, तांदळाचे व साबुदाण्याचे पीठ त्यात कालवून आता पाव होतो. उंच होत नाही, पण कापता येतो.

यावरून मला एक तत्त्व उमगले : जे पदार्थ मुळात चिकटपणा मागत नाहीत, तेच आधी करावेत. नानखटाई ही खुसखुशीत हवी. तिला चिकटपणा शत्रूच. पाऊण वाटी पिठीसाखर व त्याहून किंचित कमी तूप एकत्र फेसून पांढरेशुभ्र करावे. त्यात एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी घरी दळलेले बेसन, वेलदोड्याची पूड व चिमूटभर सोडा मिसळावा. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, म्हणजे ज्वारी तूप पिते. मग चपटे गोळे करून मंद आचेवर वीस मिनिटे भाजावे. मात्र गरम असता हात लावू नये. या नानखटाया निवल्यावरच धीट होतात. आपल्या एकादशीच्या फराळाकडे पाहिले तर राजगिरा, वरी, शिंगाडा व साबुदाणा हीही सारी गव्हावाचूनची. शिंगाडा तर भंडारा-गोंदियाच्या तलावांतला. ज्वारी हे तर आमच्या वऱ्हाड-नागपुराकडचे रोजचे अन्न होते, आणि पोळी सणावारी. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जगाने साजरे केले. आमच्याकडील शेतांत मात्र ज्वारीची जागा केव्हाच सोयाबीनने घेतली आहे.

परंतु या सर्व खटाटोपात एक गोष्ट आमच्या दृष्टीतून निसटली होती. एके रात्री पाने मांडली असता हिरव्या खुणेचे आपले ताट कोपऱ्यात पाहून मुलीने विचारले, ‘‘आजोबा, माझं ताट लांब का? मी काही केलं का?’’ घास माझ्या हातातच राहिला. ज्या पंक्तिभेदाविरुद्ध मी तरुणपणी भांडलो, तो मी स्वतःच्या नातीपुढे, विज्ञानाच्या नावाने, मांडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. गव्हाच्या पोळ्या सकाळी, नोकरीवर जाणाऱ्यांच्या डब्यांपुरत्या, वेगळ्या ओट्यावर होतात. रात्रीचे जेवण मात्र अकराही माणसांचे एकच, गव्हाविना. ताटे एका ओळीत. थोरल्या चिरंजीवांनी आठवडाभर कुरकुर केली, मग भाकरीवर लोणी पडू लागल्यावर ती थांबली. वैद्यकग्रंथांत गव्हास ‘संधानकर’, म्हणजे जोडणारा, म्हटले आहे. तेथे अर्थ मोडलेले हाड सांधण्याचा आहे. आमच्या घरात ते काम ज्वारीने केले.

ज्या घरी मूल वाढत नाही, पोट सदा बिघडते, पांडुरोग औषधाने हटत नाही, त्यांनी ही तपासणी करून घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांस विचारावे, एवढी विनंती आहे. आणि तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये, कारण मग रक्तात खूण सापडत नाही.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला. गल्लीतील मुले लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागावयास निघाली. पूर्वीच्या वर्षी दुसऱ्यांच्या घरची करंजी मिळेल या भीतीने धाकटीला आम्ही दारातच बसविले होते. या वर्षी सूनबाईंनी आदल्या सायंकाळीच शेजारच्या सात घरी नानखटाईचा एकेक लहान डबा पोचविला आणि सर्वांस तोच वाटावा अशी विनंती केली. एकानेही नाही म्हटले नाही. मुलगी आपला बैल ओढीत सगळ्यांबरोबर सातही घरी हिंडून आली. परत आल्यावर तिने ओंजळीतील एक नानखटाई पणजीच्या हातावर ठेवली. मातोश्रींना दात नाहीत. त्यांनी ती दुधात बुडवून खाल्ली आणि सूनबाईंस म्हणाल्या, ‘‘वेलदोडा पुढच्या खेपेस जरा बेतानं घाल.’’