हवेतला शेजार

आमच्या माहुलमध्ये वाय-फाय गेले की पहिला संशय खाडीवर जातो. जवळच पीरपावचा धक्का, तेलाची जहाजे, रिफायनऱ्या आणि पलीकडे अणुसंशोधन केंद्र. एवढी मोठी यंत्रे भोवती असताना आपल्या छोट्याशा डबीचे काय चालणार, असे जिन्यात कुणीतरी म्हणतेच. वाय-फाय कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो, लाइन ठीक आहे. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा लाइन खरोखरच ठीक असते.

आमच्याकडे त्रास असा होता. दिवसातून एक-दोनदा, कधी मुलीचा ऑनलाइन तास चालू असताना, कधी इशाच्या नमाजनंतर दोह्याच्या भावाशी बोलताना, सगळ्या फोनवरचे वाय-फाय एकदम जायचे. मिनिटभराने आपोआप परत यायचे. पंखे चालू, दिवे चालू, राउटरही चालू. वृद्ध अम्मी आणि परदेशातला मुलगा यांच्यात आठवड्यातून दोनदा बोलणे होते. तेच तुटले की ‘मिनिटभराचा त्रास’ म्हणून सोडून देता येत नाही.

अशा वेळी आधी एकच गोष्ट पाहावी : खराबी तारेत आहे की हवेत? बहुतेक राउटर दोन वाय-फाय सोडतात, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि दुसरे ५ गिगाहर्ट्झचे. दोघांना वेगवेगळी नावे देऊन ठेवावीत. नेट गेले आणि २.४ वर ते चालू असेल, तर घरापर्यंतची लाइन चांगली आहे. फक्त ५ चे नावच फोनच्या यादीतून गायब झाले असेल, तर उत्तर राउटरच्या आत शोधावे. राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. तिथे ‘सिस्टिम लॉग’ नावाची नोंदवही मिळते. आमच्या नोंदवहीत, नेट गेले त्याच वेळेसमोर, एकच शब्द होता : रडार.

याचा अर्थ समजायला थोडे मागे जावे लागते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लहान लहान चॅनेलमध्ये वाटलेला आहे. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ या क्रमांकांवर वाय-फाय निर्धास्त चालते. मधले, म्हणजे ५२ ते ६४ आणि १०० पासून १४० पर्यंतचे, मुळात रडारचे. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत वाय-फायलाही तिथे जागा मिळाली, पण अटीवर. राउटरने तिथे बसण्याआधी किमान एक मिनिट गप्प राहून ऐकायचे. रडारचा आवाज आला, तर दहा सेकंदांत जागा सोडायची आणि त्या चॅनेलवर पुढची तीस मिनिटे फिरकायचे नाही. आमचे नेट मिनिटभर का जायचे, ते इथे उलगडते. राउटर एका पाहुण्या जागेवरून उठून दुसऱ्या पाहुण्या जागेवर जायचा आणि तिथे पुन्हा मिनिटभर कान लावून बसायचा.

मग हे रडार कुठले? खाडीतल्या जहाजांचे नव्हे. जहाजांची रडारे साधारण ३ आणि ९ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फायच्या पट्ट्याशी त्यांचा संबंध नाही. कुलाब्याचे हवामान रडारही एस बँडचे, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या खालचे. पण जानेवारी २०२२ मध्ये हवामान खात्याने अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावली टेकडीवर दुसरे रडार सुरू केले. ते सी बँडचे आहे. या जातीची हवामान रडारे बहुधा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि वाय-फायचे १२०, १२४, १२८ हे चॅनेल नेमके तिथेच पडतात. युरोपच्या नियमांत तर या तीन चॅनेलसाठी एक नव्हे, दहा मिनिटे ऐकावे लागते. वेरावली माहुलपासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत आहे. राउटर मात्र नोंदवहीत रडारचे नाव-गाव लिहीत नाही आणि कधी कधी दुसऱ्याच लहरीला रडार समजून उठतो. त्यामुळे प्रत्येक वेळी बोट वेरावलीकडेच दाखवू नये.

नोंदवही पाहिल्यावर ओळखीच्या एका मुलाने झटपट इलाज सांगितला. सेटिंगमध्ये देशाचे नाव बदला, म्हणजे राउटर रडारला विचारणार नाही. पुष्कळजण असे करतात म्हणे. आम्ही ते केले नाही, आणि त्याचे कारण याच परिसरात आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे माहुलच्याच भारतनगरमध्ये मुसळधार पावसात भिंत घरांवर कोसळली आणि झोपेतली माणसे गेली. रडार भिंत थांबवू शकत नाही, हे खरे. पण ढग किती भरला आहे, कुठल्या बाजूला सरकतो आहे, पुढच्या एक-दोन तासांत कुठे फुटेल, हे सांगणारा डोळा तोच. तो लहरींचे ठोके सोडतो आणि पावसाच्या थेंबांवरून परतलेला अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकतो. त्याच लहरीवर एखाद्या घरातला राउटर बोलत राहिला, तर रडारच्या चित्रात नसलेल्या पावसाची रेघ उमटते आणि असलेला पाऊस तिच्याआड लपू शकतो.

आपल्याकडे शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद मोठी आहे. सूरह अन-निसाच्या छत्तिसाव्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबर दूरच्या, अनोळखी शेजाऱ्याशीही भलाईने वागायला सांगितले आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना देतो. हवेतला रस्ता डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. सरकारने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा हा पट्टा परवान्याशिवाय खुला केला तोही याच बोलीवर, की इतरांना अडथळा करायचा नाही आणि सर्वांनी वाटून वापरायचा. टेकडीवरचे रडार हा आपला दूरचा शेजारी. त्याचे ऐकणे बंद पडले, तर पहिला फटका डोंगराच्या कडेला आणि नाल्याच्या काठाला राहणाऱ्यांनाच बसणार.

आणि सरळ इलाज हाताशी असताना आडवाट हवीच कशाला? सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वर असतो. तो काढून ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एक, नाही तर १४९ ते १६१ मधला एक चॅनेल कायमचा द्यावा. त्याखाली ‘चॅनेल विड्थ’ असते. ती १६० असेल तर ८० करावी, कारण १६० ची रुंदी ३६ वरून सुरू केली तरी ६४ पर्यंत पसरते, म्हणजे रडारच्या जागेत शिरतेच. देशाच्या जागी भारतच ठेवावा. मग सेव्ह करून राउटर एकदा बंद-चालू करावा. हे केल्यापासून आमच्या नोंदवहीत रडारची नोंद आलेली नाही.

जुना फोन किंवा दूरची खोली २.४ वरच चालत असेल, तर तिथे शेजार जास्त जवळचा आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटल्यावर माहुलच्या या इमारतींत आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकेका फोनवर पंधरा-वीस वाय-फायची नावे दिसतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११, तेही रुंदी २० ठेवली तर. आमच्या मजल्यावर आम्ही घरे वाटून घेतली : जिन्याकडच्यांनी १, मधल्यांनी ६, खिडकीकडच्यांनी ११. कोणाच्या घरी राउटर नवा आला, की चॅनेलचा आकडा शेजारच्या आपा येऊन सांगून जातात. वरच्या मजल्यावरचे अजून सगळेच ६ वर आहेत. येत्या जुम्म्यानंतर त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.