नारळातला बागुलबुवा

पोर्तुगालमध्ये एक म्हण फार प्रचलित आहे: चेटकिणींवर माझा विश्वास नाही, पण त्या आहेत, आहेतच. मूळ म्हणीच्या शेवटी 'असणे' या अर्थाचं एकाक्षरी क्रियापद लागोपाठ दोनदा येतं, 'आ, आ', आणि दुसरा 'आ' पहिल्यापेक्षा ठाम वाटतो. सीमेपलीकडे स्पेनच्या गालिसियातही हीच म्हण आहे. तिथे चेटकिणीला 'मेइगा' म्हणतात.

म्हण विसंगत आहे म्हणून सोडून देता येईल. पण तिच्यात खरोखर विसंगती आहे का? विश्वास ठेवणं न ठेवणं ही माणसाची बाब, असणं ही चेटकिणीची. माणसाने स्वतःपुरतं सांगितलं आणि चेटकिणीचं चेटकिणीवर सोपवलं, इतकंच. इंग्रजी माणूस भुतांवर विश्वास नाही म्हणतो, तेव्हा भुतं नसतात हेच त्याला सांगायचं असतं. आणि मराठी? 'मानला तर देव, नाही तर दगड.' इथे सगळं असणंच मानण्यावर टांगलेलं. मानणं काढून घेतलं की शेंदूर फासलेला धोंडा उरतो. पोर्तुगीज चेटकीण इतकी परस्वाधीन नाही.

पण हा फरक धरून बसावं, तर दुसरी म्हण आडवी येते: 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'. शाळेत तिचा अर्थ सांगतात की भीतीमुळेच भुतं दिसतात. म्हण तसं म्हणत मात्र नाही. राक्षस भित्याच्या मनातून निघाला, की तो आधीपासून होताच आणि नेमका भित्रा शोधून त्याच्या मागे लागला? दोन्ही अर्थ त्या दोन शब्दांत सुखाने नांदतात. देवाला मानण्यावर सोडून देणारी भाषा राक्षसाच्या बाबतीत एवढी सावध का होते, हे काही केल्या उलगडत नाही.

कोशात इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्दांच्या जोड्या नीट लागलेल्या असतात. इंग्रजी 'वेअरवुल्फ'मधला 'वेअर' म्हणजे जुन्या भाषेतला माणूस. पोर्तुगीज 'लोबिझोमें'मध्ये लांडगा आधी येतो, माणूस मागून. ओळीने सात मुलगे झाले तर सातवा लोबिझोमें होतो, अशी तिकडच्या खेड्यांतली जुनी समजूत, आणि त्यावर उतारा म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी थोरल्या भावाने त्याचा धर्मपिता व्हायचं. 'घोस्ट'ला 'फांताज्मा'. इथवर ठीक. पण 1611 च्या किंग जेम्स बायबलात त्रैक्यातला तिसरा 'होली घोस्ट' आहे, आणि पोर्तुगीजमध्ये तिथे फांताज्मा चालणारच नाही. तिथे 'इश्पीरितु सांतु'च हवा. इंग्रजीत एकाच शब्दात परमेश्वर आणि पछाडणारं भूत शेजारी राहत होते.

या दोन्ही भाषांमध्ये उभं राहून मराठीत लिहिणारा एक माणूस होऊन गेला. विल्टशरचा थॉमस स्टीफन्स हा जेझुइट 1579 मध्ये पोर्तुगीजांच्या गोव्यात आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत, ओवीबद्ध मराठीत. घोस्ट त्याच्या मायबोलीतला, आत्मा त्याच्या आवडत्या मराठीतला. पण पवित्र आत्म्यासाठी त्याने पोर्तुगीज वळणाचा शब्दच ओवीत बसवला. 'आत्मा' म्हटलं की मराठी श्रोत्याच्या मनात सगळा वेदान्त जागा होईल, असं त्याला वाटलं असावं.

देवचाराच्या वाट्याला मात्र असा परका शब्द आला नाही. हिंदू गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवचार हा गावाचा राखणदार. काठी घेऊन तो रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वाहतात. ख्रिस्ती कोंकणीत हाच देवचार म्हणजे सैतान. शब्द तोच, गावही अनेकदा तेच, आणि एका घरात ज्याच्या भरवशावर झोपायचं त्याच्यापासूनच शेजारच्या घरात प्रार्थनेने रक्षण मागायचं. हा अन्याय वाटतो. राखणदाराची बाजू कुणीतरी मांडायला हवी होती.

देवचाराला नारळही ठेवतात, आणि इथे गोष्ट आणखी गुंतते. इंग्रजी 'कोकोनट'मधला 'कोको' पोर्तुगीजांकडून आलेला. पोर्तुगीजमध्ये पोरांना ज्याची भीती घालायची तो बागुलबुवा म्हणजे 'कोकु'. नारळाच्या करवंटीवरचे तीन खळगे पाहून खलाशांना तोच चेहरा आठवला, असं इतिहासकार जुआंव द बारुश याने नोंदवलं आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याला त्या खळग्यांत माकडाचं तोंड दिसलं. उत्तर पोर्तुगालमधल्या मोंसांव गावात 'कोका' नावाची राक्षसीण आहे. ख्रिस्तदेहाच्या सणाला संत जॉर्ज घोड्यावर बसून तिच्याशी लढतो. नारळाला बागुलबुवाचं नाव मिळालं हे खरं धरलं, तरी बागुलबुवाला त्याचं नाव कुठून मिळालं, हा प्रश्न उरतोच.

कोकणात त्या खळग्यांना डोळे म्हणतात. नारळ माणूस बघून पडतो, डोक्यावर कधी पडत नाही, असं माडाखालून जाता जाता वडीलधारे सांगतात. हे ते मानतात, की नुसतं सांगतात? त्यांना विचारलं तर ते झाडाकडे बोट दाखवतात: डोळे आहेत ना त्याला. आणि हे ऐकून पुन्हा माडाखालून जाणारा वर न बघता जातो, तेव्हा त्याने ते मानलं असं म्हणायचं की नाही, हेही ठरवता येत नाही.