ज्याचं रीडिंग त्याचं

एफवायच्या वर्गावर नवे प्राध्यापक आले की मुलं एकमेकांना तीन प्रश्न विचारतात. नोट्स देतात का? आयएमपी सांगतात का? प्रॅक्टिकलला कडक आहेत का? तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना दर जुलैत हे प्रश्न व्हरांड्यातून माझ्या कानावर येतात. त्यांत आळस नसतो, धास्ती असते. बारावीपर्यंत सूत्रं पाठ करून निभावलेलं असतं. आता पुस्तक जाडजूड, शिक्षक अनोळखी आणि सुरुवातीलाच मोलची गणितं. मूल मागच्या बाकावर सरकतं आणि फळ्यावरचं निमूट उतरवून घेतं.

पुष्कळ कॉलेजांत पहिल्या वर्षाचे तास तासिका तत्त्वावर नुकत्याच आलेल्या शिक्षकांना दिले जातात आणि अनुभवी माणसं टीवायला शिकवतात. मला ही वाटणी पटत नाही. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय 1889मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले आणि मोठं नाव झाल्यावरही खालचे वर्ग स्वतः मागून घेत राहिले. वर्गासमोर हाड जाळून त्याची चिमूटभर राख ते तोंडात टाकत. हाड पूर्ण जळलं की उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, हे मुलांना एकदाच आणि कायमचं कळे. पहिल्या वर्षाच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं: सांगणाऱ्याचा आपल्या विषयावर विश्वास आहे, हे डोळ्यांनी दिसणं.

म्हणून मोल शिकवताना मी आधी टेबलावर चार बाटल्या मांडते. 18 ग्रॅम पाणी, 56 ग्रॅम लोखंडाचा कीस, 58.5 ग्रॅम मीठ, 342 ग्रॅम साखर. प्रत्येकात एक मोल. बाटल्या हातोहात फिरतात. पाणी जेमतेम साडेतीन चमचे, साखर मात्र हाताला चांगलीच जड लागते. “मॅडम, दोन्हींत रेणू सारखेच कसे?” हा प्रश्न मागच्या बाकावरून आला की तास मार्गी लागला असं मी समजते. साखरेच्या एका रेणूत 45 अणू, पाण्याच्या रेणूत तीन. मोजले तितकेच, पण एकेक रेणू 19 पट जड. मग 6.022 गुणिले 10चा 23वा घात फळ्यावर लिहिते. 2019पासून मोलची व्याख्या या संख्येवरच बांधलेली आहे, हेही सांगते. तोवर ती संख्या मुलांच्या हातातून जाऊन आलेली असते.

पण नव्या शिक्षकाची खरी ओळख होते ती प्रयोगशाळेत, पहिल्या टायट्रेशनला. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटनं घेतलेलं 10 मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब, खाली पांढरी टाइल. डावा हात कॉकवर, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचा. थेंब पडतो तिथं गुलाबी ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. हळूहळू तो विरायला वेळ घेऊ लागतो. इथं कॉक आवळून एकेक थेंब सोडायचा असतो. आणि मग एका थेंबासरशी सगळं द्रावण फिकं गुलाबी होतं आणि तसंच राहतं. गडद झालं तर एंड पॉइंट हुकला.

नेमक्या याच वेळी प्रश्न येतो: “मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?”

या प्रश्नाला नवा शिक्षक काय उत्तर देतो, त्यावर पुढची तीन वर्षं ठरतात. आकडा सांगितला की मुलांची नजर ब्युरेटवरून उठते. जर्नलमध्ये 10.0, 10.0, 10.0 असं देखणं कोष्टक तयार होतं. सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग सापडतं, रसायनशास्त्र हरवतं. मी आकडा सांगत नाही. उलट प्रत्येक टेबलाला थोड्या वेगळ्या तीव्रतेचं द्रावण देते, म्हणजे शेजारच्या वहीचा उपयोग उरत नाही.

एका मुलीला 9.4 आलं होतं, तर पलीकडच्या टेबलांवर 10च्या पुढे. तिनं खोडरबर हातात घेतलाच होता. मी म्हटलं, “खोडू नकोस, परत कर.” ती परत उभी राहिली, लोअर मेनिस्कस डोळ्यांच्या पातळीत आणून वाचला. 9.4. तिसऱ्यांदाही 9.4. तिची बाटलीच निराळी आहे हे मी नंतर सांगितलं. त्यानंतर तिनं मला रीडिंग कधी विचारलं नाही. विचारलं ते हे, की फ्लास्क तसाच ठेवला तर गुलाबी रंग थोड्या वेळानं का जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून अल्कली खातो, म्हणून. हा प्रश्न अभ्यासक्रमातला नव्हता, तिच्या निरीक्षणातला होता.

नव्यानं रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांना मी म्हणून एवढंच सांगते: नोट्स द्या, आयएमपीही सांगा, त्यानं मुलांची धास्ती कमी होते. पण पहिल्या प्रॅक्टिकलला घाई करू नका. मुलाच्या शेजारी उभं राहा, थेंब पडताना त्याच्याबरोबर बघा, आणि त्यानं नीट वाचलेलं रीडिंग 9.7 असेल तर जर्नलमधल्या 9.7वरच सही करा.