निःशेष आणि सशेष

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीत बांधलेल्या घाटावर मराठी यात्रेकरू येतो, तो पितरांचे आणि स्वतःच्या अंतकाळाचे स्मरण मनात घेऊनच. मणिकर्णिका तेथून दक्षिणेस काही घाटांच्या अंतरावर आहे. काशीत मरण यावे ही श्रद्धा इतकी दृढ आहे, की मरण लांबविणाऱ्या विद्येनेही आपले नाते याच नगरीशी सांगितले आहे, याचा सहसा विसर पडतो.

सुश्रुतसंहितेची चौकट काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या उपदेशाची आहे. तीत अर्बुदाची लक्षणे सांगितली आहेत: गोल, स्थिर, खोल मुळांचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि फारसे न दुखणारे. या शेवटच्या लक्षणातच घात आहे. छातीच्या भिंतीवरील टणक गाठ दुखत नाही म्हणून तिला मुका मार समजतात, लेप लावतात आणि महिने निघून जातात.

बरगडीवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही निरुपद्रवी असतात, काही अन्य अवयवातील रोगाची पिल्ले असतात. सीटी स्कॅन हाडाची हानी दाखवितो, एमआरआय स्नायूंतील पसारा दाखवितो. निवाडा मात्र सुईने काढलेला तुकडा देतो. ती सुईदेखील अशा जागी घालावी लागते, की पुढे तिची वाट गाठीबरोबरच कापून काढता यावी.

कूर्चेतून उपजलेले घातक अर्बुद औषधांना वा किरणांना फारशी दाद देत नाही. तेथे शस्त्रच तारक ठरते. उग्र अर्बुदाभोवतीची सुमारे ४ सेंटीमीटर निरोगी किनारही काढावी, असा दंडक रूढ झाला. अर्बुदाचा शेष राहिला तर ते पुन्हा वाढते, हे सुश्रुताचेही सांगणे आहे. पण निःशेष छेदाने नवा प्रश्न उभा राहतो. बरगड्यांचा आधार गेला, की श्वास घेताना छाती तेथे फुगण्याऐवजी आत खेचली जाते. म्हणून मोठे भगदाड कृत्रिम जाळीने, प्रसंगी जाळीच्या दोन पदरांमधील सिमेंटने सांधतात आणि त्यावर पाठीचा स्नायू वळवून आणतात. रोगाचा कणही उरू नये आणि श्वासाला पुरेसा आधार उरावा, या दोन परस्परविरोधी मागण्यांमध्ये शल्यविशारदाचा विवेक पणाला लागतो.

१९४१ साली मुंबईत परळला उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे उत्तरेतील रुग्णांनी वर्षानुवर्षे धाव घेतली. २०१९ साली त्याच परंपरेतील कर्करोग केंद्र काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात सुरू झाले. एकेकाळी महाराष्ट्रातून काशीला आले ते घाट आणि देवळे. आता मुंबईहून आली आहे ही चिकित्सा. मोक्षाची आस बाळगणाऱ्याने चिकित्सेकडे पाठ फिरवावी, असे या नगरीचे शास्त्र सांगत नाही. न दुखणारी गाठ वेळीच दाखविणे, हाही देहधर्मच होय.