पाळी आल्यावर उंची किती वाढते?

"मॅडम, पोरीला पाळी आली. आता ही एवढीच राहणार का?"

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मुलींची वाढ तपासायला मी जाते, तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणारी आई पहाटे ससून डॉकला लिलावात मासळी घेऊन, ती बाजारात विकून, दुपारी मुलीचा हात धरून आलेली असते. पूर्वी या प्रश्नामागे लग्नाची काळजी असायची. आता बऱ्याचदा पोलीस भरती असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना किमान १५५ सेंटिमीटर उंची लागते आणि हा आकडा सातवी-आठवीतल्या मुलींनाही पाठ असतो.

प्रश्नाचं उत्तर असं की उंची थांबलेली नाही, पण वेगाने वाढायचे दिवस मागे पडले आहेत. पाळी आल्यानंतर मुलगी सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढते. कुणी तीनच वाढते, कुणी दहापर्यंत जाते. साधारण दोन-अडीच वर्षांत ही वाढ संपते. ज्या दिवशी पहिली पाळी येते, त्या दिवशी तिच्या कायमच्या उंचीपैकी सुमारे ९५ टक्के उंची तिने गाठलेली असते. आई डॉक्टरकडे येते ती नेमकी त्यानंतर. माझी सगळी तळमळ आहे ती या उशिराबद्दल.

आपल्याकडे मुलगी वयात आली, हे पाळीवरून ठरवतात. शरीराने सुरुवात त्याच्या दोन ते अडीच वर्षं आधी केलेली असते. पहिली खूण म्हणजे छातीत दुखरी गाठ हाताला लागते. बहुतेक मुलींना ती दहाव्या-अकराव्या वर्षी जाणवते, पण आठ ते तेरा या वयात केव्हाही आली तरी ते ठीकच. काही वेळा गाठ आधी एकाच बाजूला येते आणि आई घाबरते. कर्करोगाची शंका मनात घेऊन आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना मी सांगते, ताई, ही तर उंचीची झेप सुरू झाल्याची वर्दी आहे. त्याआधी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारी मुलगी आता सात-आठ सेंटिमीटर वाढू लागते. सर्वांत वेगाचं वर्ष साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास येतं, मग वेग उतरतो आणि तो उतरत असतानाच पाळी येते.

हा क्रम बारकाईने मांडला तो विल्यम मार्शल आणि जेम्स टॅनर यांनी. इंग्लंडमध्ये हार्पेंडन इथल्या बालगृहात १९२ मुलींची वाढ वर्षानुवर्षं नोंदवून १९६९ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीत पाळी आली ती वाढीच्या वेगाचा कळस ओलांडल्यावरच. आपल्या मुलींना आपण इंग्लिश मुलींच्या तक्त्यावर मोजत नाही, हे पुण्याचं ऋण आहे. जहांगीर रुग्णालयातल्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या कामातून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे पाच ते अठरा वर्षांसाठीचे सुधारित तक्ते २०१५ साली आले. आज देशभरचे बालरोगतज्ज्ञ तेच वापरतात. त्याआधी परळच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी मुलांच्या संप्रेरकांच्या विकारांचं शास्त्र मुंबईत रुजवलं. या वाटेने चाललेल्या आम्हा सगळ्यांवर त्यांचे उपकार आहेत.

सगळं शरीर एकदम वाढत नाही. आधी पावलं वाढतात. "सहा महिन्यांत दोनदा चप्पल घेतली" असं आई कुरकुरत म्हणते, तेव्हा मी लगेच वही उघडते. मग पाय लांबतात आणि शेवटी धड. म्हणून पाळीनंतर जे सेंटिमीटर मिळतात, ते बरेचसे धडात पडतात. सलवार आखूड होत नाही, कुर्ता होतो आणि घरच्यांना वाटतं, वाढ थांबली.

थांबते ती कशामुळे? लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि हाड लांबतं. वयात येताना इस्ट्रोजेन वाढतं, ते सुरुवातीला या वाढीला जोर देतं आणि पुढे तेच इस्ट्रोजेन पट्टा हाडात बदलून कायमचा बंद करतं. मुलांमध्येही हेच घडतं, याचा पुरावा १९९४ साली अमेरिकेत मिळाला. अठ्ठावीस वर्षांचा एक पुरुष २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची खूणच पटत नव्हती, म्हणून हाडांचे पट्टे उघडे राहिले होते. डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रात हे पट्टे बोटांच्या हाडांवर काळ्या बारीक रेघांसारखे दिसतात. अंगठ्याच्या मुळाशी एक लहानसं गोल हाड उमटलेलं दिसलं, की वाढीची झेप चालू आहे असं आम्ही समजतो. रेघा पुसल्या गेल्या असतील, तर जगातलं कुठलंही औषध उंची वाढवू शकत नाही. बाजारातल्या उंची वाढवायच्या भुकट्यांवर पैसे घालवणाऱ्या आयांना मी हे चित्र दिव्यासमोर धरून दाखवते. दारच्या दांडीला लटकल्याने हाड लांबत नाही, हेही तेव्हाच सांगते.

उंची मोजणं सोपं वाटतं, पण चुकतं ते तिथेच. आधी केस सोडायला सांगायचे, कारण घट्ट अंबाडा दोन सेंटिमीटर फुकट देऊन जातो. अनवाणी उभं करायचं. टाचा, नितंब आणि खांद्याची हाडं भिंतीला टेकलेली हवीत. मुली उंच दिसायला हनुवटी वर करतात. ती खाली आणून डोळ्याचा खालचा काठ आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आणायचं. मग जबड्याखाली दोन्ही हात देऊन डोकं हलकेच वर उचलायचं, दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं आणि फळी डोक्याला टेकवून आकडा वाचायचा. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते, म्हणून दर वेळी वेळही तीच ठेवायची. एका मोजणीवरून काही कळत नाही. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्या बोलू लागतात.

वस्तीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आहे. नाव लिहीत नाही. पाळी आल्यावर महिन्याभरात आई तिला घेऊन आली. उंची १४९. वडील १६८, आई १५२. दोघांच्या बेरजेतून तेरा वजा करून निम्मे केले, की मुलीची अपेक्षित उंची साधारण कळते. इथे ती १५३.५ आली, तीही सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरून. म्हणजे १५५ अगदी काठावर. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं, दोन वर्षं तिची वाढ पाहिली. ती १५४वर थांबली. आईने विचारलं, लवकर आणली असती तर? तो एक सेंटिमीटर मिळालाच असता असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. पण तिचं रक्त कमी होतं ते काही त्या महिन्यात झालेलं नव्हतं. झेपेची ती दोन-तीन वर्षं तिने तशीच काढली होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. यातल्या बहुतेकींची वाढीची वर्षं डॉक्टरकडे न जाताच सरलेली असतात.

खाण्याचं सांगायचं तर कोळीवाड्याला मी दूध-दूध करत नाही. या वयात दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. काट्यासकट खाल्लेली मांदेली, सुका जवळा, कुरकुरीत बारीक मासळी यांत ते भरपूर असतं. दुःख वेगळंच आहे. चांगली मासळी विकायला जाते आणि पोर शाळेतून येऊन वेफर्सची पुडी फोडते. घरात शिजलेल्यातला मुलीचा वाटा भावाइतकाच हवा, हे मला अजूनही बजावून सांगावं लागतं. पाळी आल्यावर मैदान बंद करणारी घरं तर मला सहन होत नाहीत. हाडांत भर पडते ती याच वर्षांत, धावल्या-खेळल्याने.

दुसरीकडे ज्यांची आई निर्धास्त असते, त्याच मुलींची मला जास्त काळजी वाटते. तिसरीत वर्गात सर्वांत उंच दिसणारी, अंगाने भरलेली मुलगी. सगळे कौतुक करतात. तिला आठ वर्षांच्या आत छातीत गाठ आली असेल, तर तिची झेप लवकर सुरू झाली आहे आणि लवकरच संपणार आहे. सहावीत सगळ्या मैत्रिणी तिच्या पुढे निघून जातात. करोनाच्या टाळेबंदीनंतर अशा मुली जास्त येऊ लागल्याचं इटलीतल्या आणि पुण्यातल्याही डॉक्टरांनी नोंदवलं. यावर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत. ती वयात येणं थोपवून धरतात, पण वेळेत दिली तरच. याच्या उलट काही मुली वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नाहीत. कधी कारण थायरॉइडचं असतं आणि साध्या गोळीने सुटतं. कधी टर्नर सिंड्रोम असतो, साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला. तिला वाढीचं संप्रेरक देता येतं, तेही हाडांचे पट्टे उघडे असेपर्यंतच.

आणखी एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पाळी आल्यावरही मुलीचं ओटीपोटाचं हाड रुंदावत असतं. ते उंचीच्याही मागे राहतं, म्हणजे उंची थांबली तरी बाळंतपणाची वाट अजून पुरती तयार झालेली नसते. तरी लग्नं त्याआधीच लावली जात. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. १८८४ साली त्यांच्यावर खटला भरला गेला तो याच कारणाने. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९१च्या कायद्याने शरीरसंबंधाला संमतीचं वय दहावरून बारा केलं तेव्हाही केवढा गदारोळ झाला! बारा वर्षं म्हणजे मुलीच्या वाढीचं ऐन वर्ष. रखमाबाई पुढे लंडनला शिकून १८९४मध्ये डॉक्टर झाल्या. आज कायदा अठराचा आहे, तरी राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ची तीच कुटुंब पाहणी सांगते. वाढत्या वयात दिवस गेले, तर पोटातलं बाळ आणि वाढणारी आई एकाच ताटातलं खातात आणि आईची उरलीसुरली वाढ थांबू शकते.

हा अंक घरी वाचत असाल आणि घरात आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल, तर या दिवाळीत तिला केस सोडून, अनवाणी भिंतीशी उभी करा. उंची तारखेसह वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्षात पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढली, आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तेरापर्यंत काहीच खूण दिसली नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. पाळी येईपर्यंत थांबू नका.