पात्र, अपात्र

‘पात्र’ हा मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. तो भांड्याला चालतो, नदीला चालतो, नाटकातल्या व्यक्तीला चालतो आणि दानास योग्य अशा माणसालाही चालतो. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडले. भिंतीवर यादी लागते, आणि माणसे चष्मा पुसून पुसून आपले नाव ‘पात्र’मध्ये आहे की ‘अपात्र’मध्ये, हे शोधतात. नाटकातले पात्र उक्तीने आणि कृतीने सिद्ध होते. यादीतले पात्र भाडेपावतीने आणि शिधापत्रिकेने. या दोन अर्थांमधले अंतर हा केवळ गृहनिर्माणाचा प्रश्न नव्हे, तो समीक्षेचाही आहे.

१९२० नंतरच्या काही वर्षांत तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतल्या काही चाळी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. घराचा तुरुंग इतक्या सहजी होऊ शकतो, यातच मूळ संहितेचा आशय स्पष्ट होतो: श्रम करणाऱ्या देहाला रात्रीपुरते ठेवायची जागा.

रहिवाशांनी ही संहिता निमूटपणे वाचली नाही. खोलीत न मावणारे जगणे त्यांनी दोन रांगांमधल्या अंधाऱ्या वाटेत आणि दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत आणले. तिथे भजनी मंडळे बसली, कोकणातले नमन रंगले, गणेशोत्सवात नाटके झाली, भीमजयंतीला जलसे झाले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाला जो श्रोता लाभला, तो अशाच कामगार वस्त्यांनी घडवलेला होता. काल राजाची भूमिका करणारा आज पाळीवर जाई. कलावंत आणि रसिक यांच्यात पडदा असा नव्हताच. ‘समूहकला’ ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट इथे नांदत होती.

मराठी साहित्यातली चाळ मात्र प्रामुख्याने पांढरपेशांची राहिली. ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) तिला अमर केले, पण त्याबरोबर स्मरणरंजनाची एक सवयही लावली. १९८२ च्या गिरणी संपानंतरची कामगार चाळ १९९७ मध्ये जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधून समोर आली, तेव्हा त्या सवयीला तडा गेला. एका कुटुंबाची खोली रंगमंचावर आली ती आठवण म्हणून नव्हे, हिशेब मागण्यासाठी.

म्हणूनच पुनर्विकासाविषयी लिहिताना हळहळीचा सूर टाळायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. घर ५०० चौरस फुटांचे, शौचालय घरात. पहाटे रांगेत उभे राहण्यात जिचे आयुष्य गेले, तिच्यासाठी आतून लागणारी ती कडी कोणत्याही सौंदर्यमूल्याहून उणी नाही. चाळ जशीच्या तशी राहावी, असे म्हणणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात.

खरा प्रश्न निराळा आहे. यादी कुटुंब मोजते. मंडळ मोजत नाही. भजनी मंडळाची शिधापत्रिका नसते. पलीकडच्या चाळीतून तालमीला येणारा ढोलकीवाला, दरवर्षी नाटक बसवणारा पोटभाडेकरू, मोकळ्या जागेत वाढलेली प्रेक्षकांची एक पिढी यांच्या वास्तव्याचा पुरावा कोणत्या कार्यालयात सादर करायचा? घर हा हक्क म्हणून मान्य झाला, पण ज्या अवकाशाने माणसांना आपली कला दिली, तो जणू घराबाहेरचा पसारा ठरला.

या रिकाम्या जागेत बाहेरून कला आणली जाते, तेव्हा समीक्षेने सावध असावे. धारावीत २०१५ साली रहिवासी आणि कलावंत यांनी मिळून, आरोग्याच्या विषयावर, वस्तीतच बिएनाले भरवले. अशा उपक्रमांचे मूल्यमापन केवळ कलाकृतीवरून करता येणार नाही. विषय कोणी निवडला, भूमिका कोणाच्या वाट्याला आली, आणि नको वाटल्यास प्रयोग थांबवण्याचा अधिकार कोणाला होता, हेही विचारावे लागेल. ज्याला हा अधिकार नाही, तो प्रदर्शनात असतो, प्रयोगात नसतो.

भरताच्या परंपरेने पात्राची चर्चा केली ती रंगभूमीच्या संदर्भात. आधी भूमी, मग पात्र. बीडीडीच्या नव्या इमारतींत माणसे पात्र ठरून राहायला जात आहेत. त्यांना एकत्र उभे राहायला भूमी किती उरली, हे मात्र कोणत्याही यादीत लिहिलेले नाही. ते पाहायचे असेल तर गणपतीच्या आधी महिनाभर तालीम कुठे बसते, एवढेच पाहावे.